विश्रांतीत काढलेलं चित्र

आमच्या वन्सं आयुष्यभर उभं राहण्याचा पगार घेत होत्या आणि म्हातारपणी बसण्याचा घ्यायला लागल्या. हे मी त्यांना तोंडावर म्हटलं की त्या म्हणत, "वहिनी, तुला तर नुसतं बोलण्याचाच मिळायला हवा होता." नणंद-भावजयीचं आमचं हे असं. माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा दारात पहिल्यांदा दिसल्या त्या ह्याच. सगळे बसले, ह्या भिंतीपाशी उभ्या. बसा म्हटलं तर म्हणाल्या, मी उभीच बरी. मला वाटलं, नणंद आहे, थोडा तोरा असायचाच. तोरा नव्हता तो, सवय होती.

त्या औषधाच्या बाटल्यांच्या कारखान्यात होत्या. काचेच्या रिकाम्या बाटल्या चालत्या पट्ट्यावरून ओळीनं यायच्या, पट्ट्याच्या मागं पांढरा उजेड, पुढं बायका उभ्या. बाटलीत बुडबुडा आहे का, तडा आहे का, केसासारखी रेघ आहे का, ते त्या उजेडात बघायचं आणि वाईट बाटली उचलून खालच्या पेटीत टाकायची. ऐकायला सोपं वाटतं. मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा जरा वेळ बघत राहिले, तर घरी पोहोचेपर्यंत मला रस्त्यावरची माणसंसुद्धा पट्ट्यावरून आल्यासारखी दिसायला लागली. एकदोघांना उचलून पेटीत टाकावंसंही वाटलं.

तिथं बसायला मनाई होती. बसलं की पापणी जड होते, असं मुकादमाचं म्हणणं, म्हणून त्यानं सगळी स्टुलं उचलून गोदामात टाकली होती. हा झाला कारखान्याचा नियम. बायकांचा आपापसातला एक नियम होता, तो त्याहून कडक. पुढं गेलेली बाटली मान वळवून बघायची नाही. गेली ती गेली. तिच्याकडं बघत बसलं की समोरची निसटते, आणि निसटलेली बाटली कुणाच्या तरी औषधाला जाते. नवीन पोरगी कामावर आली की तिला आधी हे शिकवत. वन्संनी तो नियम कारखान्यात तर पाळलाच, घरीही आणला. झालेल्या गोष्टीचं कुणी काढलं की त्या म्हणायच्या, ती बाटली गेली. संपलं बोलणं.

आणि एक शब्द तिथं कुणी उच्चारत नसे. दमले, हा. ज्या बाईनं तो मुकादमाच्या कानावर पडू दिला तिची दुसऱ्या दिवशी पट्ट्यावरून उचलबांगडी व्हायची. मग बायका म्हणायच्या, पाय बोलायला लागले बाई. कुणाचे पाय कुजबुजायचे, कुणाचे भांडायचे, एका जाडजूड बाईचे तर म्हणे शिव्या द्यायचे. वन्सं तेवढंही म्हणत नसत. म्हणून त्यांना सगळा कारखाना 'खांब' म्हणायचा. खांबावर छप्पर असतं, खांब काही बोलत नाही.

आता एक सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. वन्संना मुलगा व्हायच्या आधी एक मुलगी होती. रांगायची ती चालायला लागली, चालायची ती बोलायला लागली, आणि एका तापात गेली. वन्संचे यजमान ट्रकवर असायचे, ते वेळेवर पोहोचलेही नाहीत. पोरीला पोहोचवून आल्यावर वन्सं फार दिवस घरी राहिल्या नाहीत. कामावर गेल्या. त्या दिवशी मुकादमानं, ज्यानं सगळी स्टुलं उचलली होती त्यानंच, गोदामातून एक स्टूल आणून त्यांच्या मागं ठेवलं आणि म्हणाला, बाई, आज बसा. माणूस वाईट नव्हता. वन्संनी पायानं ते स्टूल मागं सारलं आणि उभ्याच राहिल्या. हे मला त्यांनी सांगितलं नाही, शेजारच्या जागेवर काम करणाऱ्या बाईनं सांगितलं. मी वन्संना पुढं कधीतरी विचारलं, का हो बसला नाहीत? तर नेहमीचंच. ती बाटली गेली, वहिनी.

त्यानंतर मुलगा झाला, यजमान गेले, मुलगा मोठा झाला, गाद्यांच्या दुकानात लागला, पुढं दुकान त्यानंच चालवायला घेतलं. लग्न झालं. कारखान्यात बाटल्या बघायला यंत्र आलं, त्याला डोळे असतात म्हणे आणि पाय नसतात, त्यामुळं ते बोलतही नाहीत. वन्सं घरी आल्या. आणि घरी आल्यापासून मुलगा आणि सून दोघंही एकच वाक्य घोकायला लागले. आई, तू बस. आई, तुम्ही बसा. भांडी घासायला उठल्या की बसा. कपडे वाळत घालायला गेल्या की बसा. सून गुणी आहे, मनापासून म्हणायची, पण वन्सं मला म्हणाल्या, "मला बसायला सांगतात ते ठीक आहे गं, पण कशासाठी बसायचं ते कुणी सांगत नाही."

ते सांगणारी भेटली. कारखान्यातलीच एक जुनी बाई आता चित्रकलेच्या शाळेत झाडलोट करायची. तिनं निरोप आणला की शाळेत पोरांना चित्र शिकायला समोर माणूस लागतं, म्हातारं असलं तर उत्तमच, अंगावरचे कपडे अंगावरच ठेवून नुसतं बसायचं. वन्सं दुसऱ्या दिवशी गेल्या. घरी एवढंच सांगितलं की शाळेत काम मिळालंय. मुलानं स्वतःच ठरवून टाकलं की आई लहान पोरांवर लक्ष ठेवत असणार, आणि गिऱ्हाइकांना तसं सांगायलाही लागला. वन्संनी त्याचं म्हणणं खोडलं नाही. खोटं त्या बोलल्या नाहीत. पोरं लक्ष ठेवून होतीच, फक्त उलट दिशेनं.

पहिल्या दिवशी मी सोबत गेले होते. उंच खिडक्यांची खोली, फरशीवर रंगाचे डाग, गोल करून उभी असलेली लाकडी स्टँडं, प्रत्येकामागं एक डोकं. मधे एक स्टूल. मास्तर, काटकुळा माणूस, बोलणं मात्र अदबीचं, म्हणाला, "मावशी, सहज बसा." वन्सं बसल्या त्या अशा, की परवान्यावर फोटो लावायचा आहे. पाठ ताठ, हनुवटी वर, हात गुडघ्यांवर चिकटवलेले. मास्तर म्हणाला, जरा सैल. वन्संनी हनुवटी आणखी वर नेली. मी दारात रुमाल तोंडाला लावून हसत होते. शेवटी मास्तरनंच हात टेकले आणि म्हणाला, असू दे, हीच मुद्रा चांगली आहे. मग त्यानं खडू घेऊन त्यांच्या पावलांभोवती आणि स्टुलाच्या पायांभोवती फरशीवर रेघा मारल्या, म्हणजे मधे उठल्या तर परत त्याच जागी बसता यावं.

शाळेचा एक रिवाज होता. ठरावीक वेळानं मास्तर टाळी वाजवायचा आणि म्हणायचा, विश्रांती, पेन्सिली खाली. त्या वेळात बसणाऱ्याचं चित्र काढायचं नाही. ती वेळ बसणाऱ्याची. पोरं व्हरांड्यात चहाला जायची. वन्सं मात्र उठत नसत. एकदा बसलेले गुडघे पुन्हा उठवायचे, पुन्हा त्या खडूच्या पावलांत पाय घालायचे, कोण करणार? त्या तिथंच बसून राहायच्या, फक्त ताठपणा सोडून द्यायच्या.

आणि कुणाचं चित्र कसं झालंय ते त्यांनी एकदाही बघितलं नाही. पोरं बोलवायची, आजी, बघा ना. या म्हणायच्या, माझं काम बसायचं, पुढं गेलेली बाटली मी बघत नसते. पोरांना काही कळायचं नाही, पण आवडायचं.

असे महिने गेले. बसून पगार घेणारी बाई भलतीच रुबाबात आली. घरी आली की आता सुनेनं पुढं केलेली खुर्ची मागं सारायची आणि तिला सांगायची, मी आता कामावरून आलेय, मला उभी राहू दे जरा.

मग एका सकाळी भाचा माझ्या दारात. चेहरा लाल, चपला काढायचंही भान नाही.

"मामी, आई शाळेत काय करते ते तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हटलं, आधी पाणी पी. पाणी न पिता त्यानं सगळं सांगितलं. वाचनालयाच्या मोठ्या खोलीत शाळेच्या पोरांच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. त्यात दारातून शिरताच समोर, कपाटाच्या दाराएवढं, पेन्सिलीनं काढलेलं त्याच्या आईचं चित्र. इतकं हुबेहूब की त्याच्या दुकानासमोरच्या चष्म्याच्या दुकानदारानं लांबून ओळखलं. आणि चित्रात आई कशी? खांदे पडलेले, मान खाली, हात मांडीवर उघडे टाकलेले, डोळे कुठंतरी जमिनीत. चष्मेवाल्यानं सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारलं होतं, "काय रे, गाद्या विकतोस आणि आईला स्टुलावर बसवतोस होय?"

हे त्याला भाल्यासारखं लागलं होतं. दोन गिऱ्हाइकांनी येऊन आईची तब्येत विचारली. एकीनं सुनेकडं अशी नजर टाकली की ती बिचारी रडत घरी गेली. भाच्याचं म्हणणं सरळ होतं. चित्र उतरायचं, आणि आईनं ते काम सोडायचं. तो मास्तरकडं जाऊनही आला होता. मास्तर म्हणाला होता की बसणाऱ्यानं नको म्हटलं तर आम्ही चित्र ठेवत नाही, मावशींनी येऊन सांगावं. आणि आणखी एक गोष्ट कळली होती. वर्गातल्या सगळ्या पोरांच्या चित्रांत आई ताठ होती, या एकातच अशी वाकलेली. मास्तरला वाटलं होतं की ते काढणाऱ्या पोरीनं मनानं काढलं. पण भाचा तावातावानं बोलायला लागला तेव्हा पोरीनं कबूल केलं की हे विश्रांतीत काढलंय. बाकीचे चहाला गेले की ती कोपऱ्यातल्या स्टँडमागं बसून राहायची. फार कमी बोलायची, म्हणून तिला सगळे 'घुमी' म्हणायचे, आणि ती आहे की गेली तेही कुणाच्या ध्यानात यायचं नाही.

"म्हणजे चोरीच झाली ना, मामी? तुम्ही आईला सांगा. ती तुमचं ऐकते."

ती माझं कधी ऐकत होती, हे याला कुणी सांगितलं कोण जाणे. तरी गेले.

वन्संनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चित्र बाजारात लागलंय याचं त्यांना काही वाटलं नाही. विश्रांतीत काढलं, हे ऐकल्यावर मात्र त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ती वेळ माझी होती," एवढंच म्हणाल्या. मग चपला घातल्या. मी विचारलं, उतरवायला सांगणार का? म्हणाल्या, बघून सांगते. मी चमकले. पुढं गेलेली बाटली बघायला ही बाई पहिल्यांदा निघाली होती.

वाचनालयात आम्ही चौघं गेलो, त्या, मी, भाचा आणि सून. मास्तर दारात वाट बघत होता. त्याच्या मागं घुमी, बोटांना शिसं लागलेलं, ती बोटं एकमेकांत अडकवून उभी. रंगही उडाला होता पोरीचा.

चित्र समोर होतं. मी इतकी वर्षं या बाईबरोबर काढली, एका ताटलीत जेवलो, भांडलो, पण ही बाई मी पाहिली नव्हती. स्वेटरच्या कोपराला मीच घातलेला रफू त्यात टाक्यानिशी दिसत होता. सुजलेली पावलं चपलांतून अर्धी बाहेर काढून ठेवलेली. हाताचे तळवे वर, जणू हातातलं काहीतरी कुणीतरी काढून नेलंय आणि हातांना अजून ते कळलेलं नाही. आणि चेहरा. रडवेला नव्हता तो. रडण्याच्या पलीकडं जाऊन बसलेला होता. खाली चिठ्ठी लावली होती, 'वृद्धा, पेन्सिल'.

वन्संनी माझ्याकडून चष्मा मागून घेतला. आधी पावलं बघितली. मग हात. बाटली उजेडात धरून बघावी तसं बघत होत्या, खालून वर, घाई नाही. चेहऱ्याशी आल्या आणि थांबल्या. सून हळूच म्हणाली, "आई, चला ना." त्या हलल्या नाहीत.

तेवढ्यात एक बाई तिच्या मैत्रिणीबरोबर शेजारी येऊन उभी राहिली. छान कपडे, छान अत्तर. चित्र बघून म्हणाली, किती बिचारी वाटते गं. तिला काय ठाऊक, बिचारी तिच्या कोपराशी उभी आहे. वन्संनी मान न वळवता सांगितलं, "बिचारी नाही हो ती. दमलीय."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकला. त्या बाईनं आमच्याकडं बघितलं, परत चित्राकडं बघितलं, आणि मैत्रिणीला ओढून दुसऱ्या भिंतीकडं गेली.

मग वन्सं घुमीकडं वळल्या.

"विश्रांती कुणाची असते?"

"तुमची, आजी."

"मग?"

मास्तर काही म्हणायला गेला तर वन्संनी हातानंच त्याला थांबवलं. मग पोरगी म्हणाली, "टाळी वाजली की तुम्ही दुसऱ्याच कुणी व्हायचात. सगळे निघून जायचे. मला वाटायचं, हे बघायला कुणीतरी हवं. विचारलं असतं तर तुम्ही परत ताठ बसला असतात."

"बसलेच असते," वन्सं म्हणाल्या. "तरी विचारायला हवं होतंस. चोरी ती चोरी."

"हो," पोरगी म्हणाली. सारवासारव केली नाही, हे मला आवडलं.

भाच्याला तेवढं पुरलं. म्हणाला, झालं तर मग, तिनं स्वतःच मान्य केलंय, मास्तर, उतरवा. आणि मास्तर हलत नाही हे बघून स्वतःच पुढं झाला, चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात घातले. गाद्या उचलणारा माणूस, चौकट म्हणजे काय त्याला.

"हात काढ," वन्सं म्हणाल्या.

आवाज चढवला नव्हता. पण तो ज्या आवाजानं लहानपणी पाठीत न मारता सरळ व्हायचा, तोच आवाज. त्यानं हात काढले, पण मागं हटला नाही. म्हणाला, "आई, लोक काय म्हणतात ते तू ऐकलंयस का? आम्ही तुला जेवायला घालत नाही असं वाटतं हे बघून. मी काय कमी केलं तुला? सांग ना. माझ्यामुळं अशी दिसतेस का तू?"

त्यानं बाहीनं डोळे पुसले. चाळिशीतला माणूस, भर वाचनालयात. मला त्याची दया आली, आणि वन्संनाही आली असावी, कारण त्यांनी पुढं होऊन त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली. पण बोलल्या ते तसंच, स्वच्छ.

"सगळं स्वतःवर कशाला घेतोस? तू जन्मायच्या आधीचं आहे हे." मग चित्रातल्या त्या उघड्या हातांकडं बोट केलं. "तुझी बहीण गेली तेव्हा मला स्टूल दिलं होतं बसायला. मी बसले नाही. बसले असते तर उठले नसते, आणि मग तूही नसतास. ते बसणं राहिलं होतं माझं. ते हे आहे."

बहीण होती हे त्याला माहीत होतं, म्हणजे घरात एक फ्रॉक जपून ठेवलेला आहे एवढंच माहीत होतं. त्याच्यापुढं त्याच्या आईनं हे कधी काढलेलं नव्हतं. तो चित्राकडं बघायला लागला. मला वाटतं, तोवर त्यानं ते बघितलंच नव्हतं, फक्त चष्मेवाल्याच्या नजरेनं बघितलं होतं. सुनेनं त्याच्या दंडाला धरलं.

"आणि दुसरं," वन्सं म्हणाल्या. "मी दमले असं मी कधी म्हणाले नाही. म्हणायची सोय नव्हती. आता कुणी काढून नेईल अशी नोकरी नाही माझी. आता म्हणते. दमलेय मी. खूप दमलेय. लोकांना बघायचं तर बघू दे, आणि ज्याला बघवत नाही त्यानं दाराकडं तोंड करावं. हे इथनं हलायचं नाही."

मास्तरनं मान हलवली. पण वन्संचं संपलेलं नव्हतं. त्यांनी खालच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि मला वाचायला लावलं. मी अक्षर अक्षर लावून वाचलं, वृद्धा. म्हणाल्या, "वृद्धा तर ही माझी वहिनीसुद्धा आहे, हिला कुठं बसून दमायला येतंय? हे काही खरं नाही. मी कोण ते लिहा."

मास्तरनं नाव विचारलं. नको म्हणाल्या, नावानं कुणाला काय कळतं. मग त्यांनी सांगितलं तसं मास्तरनं दुसरी चिठ्ठी घेऊन तिथंच खिडकीच्या कट्ट्यावर लिहिली. 'बाटल्या तपासणारी, बसलेली, पेन्सिल'. पेन्सिल हा शब्द तेवढा ठेवला, कारण घुमीनं ती झिजवली होती. चिठ्ठी वाकडी लागली. वन्संनी ती सरळ करून घेतली.

घरी येताना भाचा आमच्या पुढं पुढं चालत होता. बाजारात शिरलो तसा चष्मेवाला दारातच उभा. त्यानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण आधी भाचाच थांबला आणि म्हणाला, "आईचं चित्र नीट बघितलंस का? जाऊन बघ. जवळून बघ, चष्मा लावून." आणि चालायला लागला. मागून मला त्याची पाठ दिसत होती. अगदी वन्संची पाठ, परवान्याच्या फोटोतली.

काम सोडायचा विषय नंतर घरात कुणी काढला नाही असं नाही, काढला. भाचा हट्टाला आईवरच गेलाय. आठवडाभर धुसफुस चालली. मग एके दिवशी दुकानातून येताना तो स्टुलाच्या मापाची एक छोटी गादी शिवून घेऊन आला, चांगल्या कापसाची, कडेला गोट लावलेली. म्हणाला, बसायचंच आहे तर नीट तरी बस. वन्संनी ती दाबून बघितली, उलटीपालटी केली, टाके बघितले आणि चांगली आहे म्हणाल्या. पण शाळेत नेली नाही. मऊ जागेवर बसलं की मुद्रा बिघडते म्हणे. ती गादी माझ्या खुर्चीवर आहे, आणि माझी मुद्रा मुळातच बिघडलेली असल्यामुळं काही अडत नाही.

प्रदर्शन उठल्यावर पुन्हा वर्ग सुरू झाले तेव्हा मी एकदा त्यांना पोहोचवायला गेले आणि मुद्दाम मागं बाकावर बसून राहिले. सगळं तसंच. खडूची पावलं, ताठ पाठ, वर हनुवटी. मास्तरनं टाळी वाजवली, विश्रांती, पेन्सिली खाली. पोरं व्हरांड्यात गेली. घुमीही उठली या वेळी, पेन्सिल खाचेत ठेवली आणि दाराकडं निघाली. वन्संकडं तिनं बघितलंही नाही.

वन्संनी हनुवटी खाली घेतली. मग खांदे सोडले. चपलांतून पावलं अर्धी बाहेर काढली. हात मांडीवर उघडे ठेवले. माझ्यासमोर, भर दिवसा, खिडक्या उघड्या असताना.

"ए घुमे," त्यांनी हाक मारली. "कुठं निघालीस? विचार की."

पोरगी दारात थबकली. वळून म्हणाली, "आजी, काढू?"

"काढ," वन्सं म्हणाल्या. "आणि या खेपेला पाय नीट काढ. उजवा जास्त सुजतो."